नकाशा माझा, साक्षही माझी

पवनारच्या रूपरावजींची मुलगी वर्ध्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, एवढंच माझ्या माहेरी कानावर आलं होतं. १९७८ साली मी त्या घरात सून म्हणून आले, तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतभर नागपूर शहराचा नकाशा लावलेला होता. त्यावर रंगीत डोक्यांच्या टाचण्याच टाचण्या. मी सासूबाईंना विचारलं, हे काय आहे. विमलाबाई सुपात तूर पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चोऱ्या हायेत त्या. खाली पडते एखादी, पाहून चालजो."

माझी नणंद जयवंता नागपुरातल्या घरफोड्यांवर संशोधन करत होती. चोरी कुठं होते, कधी होते, एकीनंतर दुसरी कुठं होते, आणि ती होण्याआधी सांगता येईल का, हा तिचा विषय. शनिवारी कॉलेज सुटलं की ती एस.टी.नं नागपूरला जायची आणि पोलीस ठाण्यांत बसून जुन्या फिर्यादी उतरवून घ्यायची. हवालदार आधी हसत, मग चहा विचारू लागले. मुलगी दर आठवड्याला ठाण्यात बसते हे कळल्यावर काही स्थळं परस्पर फिरली. सासरे चिडले. ताई म्हणाली, "बरं झालं, त्यांचा बी वेळ वाचला न् माहा बी."

मी तिला ताई म्हणायची, ती मला वयनी. मी दहावी झालेली. टाचण्या लावायला तिनं मला बसवलं. लाल म्हणजे उन्हाळा, हिरवी म्हणजे पावसाळा, पिवळी म्हणजे हिवाळा. लावता लावता मलाही दिसू लागलं की टाचण्या सगळीकडं सारख्या पडत नाहीत. एका गल्लीत एकदम घोळका जमतो, मग ती गल्ली गप्प होते आणि दुसरीकडं घोळका जमतो. मी तसं म्हटलं, तर ताईचा चेहरा फुलला. एका घरात चोरी झाली की पुढचे काही आठवडे त्याच ओळीतल्या, तशाच बांधणीच्या घरांना सगळ्यात जास्त धोका असतो आणि मग तो ओसरत जातो, हेच तर तिला आकड्यांनी सिद्ध करायचं होतं.

"चोर बी कंटाळा करते, वयनी," ती म्हणाली. "एका क्वार्टरची मागची कडी कशी निघते हे समजलं की बाजूच्याची तशीच निघते. नवीन काऊन शिकन तो?"

तिचे मार्गदर्शक होते डॉ. नरहर हरकरे. नागपुरातल्या एका लहानशा नगर-अभ्यास संस्थेचे प्रमुख. शांत बोलणारे, पांढरेशुभ्र कपडे घालणारे. एकदा ते पवनारला आश्रम पाहायला आले, तेव्हा आमच्याकडं जेवले. भिंतीवरच्या नकाशासमोर कितीतरी वेळ उभे राहिले आणि सासऱ्यांना म्हणाले, तुमची मुलगी या देशात कोणी केलं नाही असं काही करते आहे. सासऱ्यांनी त्या दिवसापासून स्थळांचा विषय काढला नाही.

१९८० च्या उन्हाळ्यात ताईनं पहिल्यांदा भाकीत केलं. नागपुरात एका सरकारी क्वार्टरच्या वस्तीत चोरी झाली होती. शहरातले एक पोलीस अधिकारी, ओमप्रकाश ठाकूर, हरकरे सरांचे मित्र होते. ताईनं त्यांना लेखी कळवलं की पुढचे काही आठवडे अमुक ओळींच्या मागच्या बाजूवर लक्ष ठेवा. ठाकूर साहेबांनी गंमत म्हणून साध्या वेशातली माणसं ठेवली. त्यातल्या एका ओळीत माणूस रंगेहाथ सापडला. ज्या ठेकेदारानं त्या क्वार्टरची दारं बसवली, त्याच्याकडचाच तो मुकादम निघाला.

वर्तमानपत्रात बातमी आली. सासूबाईंनी शिरा केला. गावात जे लोक 'चोरीची मास्तरीण' म्हणून हसत, ते वाट अडवून विचारू लागले की आमच्या घराचं काही सांगता का. ताई म्हणायची, मागच्या दाराची कडी बदला, एवढंच माझं ज्ञान.

त्या यशानंच सगळं बिघडलं म्हणायचं.

ठाकूर साहेबांनी ताईला बोलावून घेतलं आणि म्हणाले, जागा तर तुम्ही सांगितली, आता माणूस सांगा. शहरात चोऱ्या करणारे येतात कुठून, राहतात कुठं, याचा नकाशा करा. हरकरे सरांनाही ते पटलं. दिल्लीत मोठी परिषद होती आणि सरांना तिथं नवीन काही मांडायचं होतं. ताईला ते मनापासून पटलं नव्हतं, पण प्रबंधात एक प्रकरण त्यावर असायला हरकत नाही असं तिला वाटलं. तिनं अटक झालेल्या माणसांचे पत्ते घेतले आणि दुसरा नकाशा केला. त्यात नागपूर होतं, रेल्वेलाइन होती, आणि आजूबाजूचे तालुके होते. जिथले लोक जास्त पकडले गेले तिथं मोठं वर्तुळ, कमी तिथं लहान.

एक मोठं वर्तुळ आमच्या गावाजवळ पडलं.

आमच्या शेतापलीकडं बरडावर पारध्यांचा बेडा आहे. वीस-पंचवीस झोपड्या. तिथल्या बाया निंदणाला आणि कापूस वेचायला येत, माणसं तितर धरत, मध काढत, पिकाची राखण करत. गावात काहीही गेलं, कोंबडी गेली तरी, पहिलं नाव बेड्याचं निघे.

वर्तुळ पाहून ताई बेचैन झाली. तिनं पुन्हा नागपूरला खेपा घातल्या आणि पुढं काय झालं ते शोधलं. पकडलेल्यांपैकी शिक्षा किती जणांना झाली? बेड्यावरचे लोक वर्षानुवर्षं पकडले जात होते आणि जवळजवळ सगळेच पुराव्याअभावी सुटत होते. मग तिनं आणखी एक गोष्ट तपासली. शहरात जिथं जिथं नवीन चौकी उघडली, तिथं पुढच्याच वर्षी नोंदलेले गुन्हे वाढले होते. चौकी उघडली म्हणून लोक चोर झाले नव्हते. लिहून घेणारा माणूस तिथं येऊन बसला होता, एवढंच. तिनं प्रकरणाच्या शेवटी स्पष्ट लिहिलं की हा नकाशा गुन्हेगार कुठं राहतात ते दाखवत नाही, पोलीस त्यांना कुठं शोधायला जातात ते दाखवतो. तो वापरून कोणाबद्दलही अंदाज करू नये.

सरांनी ते प्रकरण ठेवून घेतलं. म्हणाले, वाचून सांगतो.

१९८२ चा डिसेंबर. नागपुरात लागोपाठ घरफोड्या झाल्या होत्या आणि वर्तमानपत्रं ओरडत होती. एका सकाळी, आम्ही अंगणात चहा पीत असताना, नागपूरच्या रस्त्यानं एक जीप आणि जाळीची गाडी बरडाकडं वळली. थोड्या वेळानं रडारड ऐकू आली. गाडी परत गेली तेव्हा जाळीतून माणसांची बोटं दिसत होती.

दुपारी शकुबाई आमच्या दारात आली. ती कित्येक वर्षं आमच्या शेतात कामाला होती. तिच्या नवऱ्याला, तानबाला, नेलं होतं. तानबा कापसाचा हंगाम लागल्यापासून आमच्याच शेतावर राखणीला होता. सासूबाईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिनं थेट ताईकडं पाहिलं.

"साहेबाजवळ कागद होता. त्याच्यावर गोल होता. तो म्हणला, तुमच्याच गावच्या मॅडमनं काढला हाय. खरं हाय का?"

माझ्या मनात आलं की ताई काहीतरी समजावून सांगेल. वर्तुळाचा अर्थ तो नाही, सरांनी असं करायला नको होतं, असं काही. ताई उभी राहिली आणि म्हणाली, "हो. मीच काढला."

शकुबाईनं मान हलवली आणि ती निघून गेली. ताईनं आत जाऊन साडी बदलली आणि मिळेल त्या बसनं नागपूर गाठलं.

तिथं जे झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. हरकरे सरांनी तिचं प्रकरण ठाकूर साहेबांना देऊन टाकलं होतं, आणि देताना शेवटची पानं काढून घेतली होती. सरांनी ते नाकारलंही नाही. त्यांचं म्हणणं असं की शास्त्र तटस्थ असतं, त्याचा वापर करणारा जबाबदार, आणि ती शेवटची पानं म्हणजे शास्त्र नव्हतं, मत होतं. तिचा प्रबंध पूर्ण होत आला आहे, पुढच्या उन्हाळ्यात ती डॉक्टर होईल, अशा वेळी डोकं शांत ठेवावं. ताईनं त्यांना विचारलं की आकडे मी काढले, मग ते खोटे कधी ठरतात हे सांगणारा आकडा मत कसा होतो. सर म्हणाले, जयवंता, तू दमली आहेस. घरी जा.

मग ती ठाकूर साहेबांकडं गेली. त्यांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि तिचा नकाशा काचेखाली ठेवलेला दाखवला. म्हणाले, "आपही का काम है मॅडम, आपको तो खूश होना चाहिए." चोऱ्यांचा काही पुरावा मिळाला का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, पुरावा नसला तरी चालतो, आता ती माणसं वर्ध्याच्या पोलिसांच्या हवाली करायची आहेत आणि तिथं चॅप्टर केस होणार आहे.

चॅप्टर केस म्हणजे काय हे मला तेव्हाच कळलं. चोरी केली हे सिद्ध होत नसलं तरी हा माणूस सवयीचा गुन्हेगार आहे असं दंडाधिकाऱ्यापुढं मांडायचं. मग चांगल्या वागणुकीसाठी जामीनदार मागायचा. जामीनदार मिळाला नाही तर माणूस आत. पारध्याला जामीनदार कोण मिळणार? आणि या वेळी पोलिसांकडं नुसती बदनामी नव्हती, शास्त्र होतं. हरकरे सर स्वतः येऊन साक्ष देणार होते.

ताई नालवाडीला दत्तोपंत मुळे वकिलांकडं गेली. म्हातारे, दम्याचे, कोर्टात जाणं जवळजवळ सोडलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले की जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा रद्द होऊन तीस वर्षं झाली, तुझ्या सरांनी तो टाचणीनं परत भिंतीवर लावला. मग त्यांनी विचारलं, साक्षीला उभी राहशील का? तुझी डिग्री जाईल. ताई म्हणाली, उभी राहीन, आणि डिग्रीचं नंतर पाहू.

घरात मात्र आग लागली. गावातल्या बऱ्याच लोकांना बेडा उठलेला हवाच होता. ते सासऱ्यांकडं येऊन बसत, पोरगी आपल्या लोकांविरुद्ध जाते म्हणत. तानबा आमच्या शेतावर होता हे सांगायला सासरे तयार होते, पण मुलीनं कोर्टात आपल्या गुरूविरुद्ध बोलावं हे त्यांना सहन होत नव्हतं. कॉलेजच्या प्राचार्यांनीही सुचवून पाहिलं की काही दिवस रजा घ्यावी. एके दिवशी जेवताना सासरे ताट बाजूला सारून म्हणाले, ज्या माणसानं तुले एवढं शिकवलं त्याले खाली पाहाले लावतेस?

ताई म्हणाली, "त्यानं मले खरं मोजाले शिकवलं, बाबा. मी तेच करून राह्यली."

माझे यजमान अण्णाजी खाली मान घालून जेवत राहिले. बोलल्या त्या सासूबाई. त्या चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"नकाशा तिनं काढला. ज्यानं काढला त्यानंच पुसाव. दुसरं कोणी पुसाले येणार नाई."

सासऱ्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं. परवानगी दिली असं नाही, पण त्यानंतर त्यांनी मनाई केली नाही.

सुनावणी जानेवारीच्या शेवटी होती. वर्ध्याला एस.डी.ओ. साहेबांच्या कचेरीत, लांबट खोलीत; तेच दंडाधिकारी होते. मी ताईबरोबर गेले. बाहेर लिंबाखाली बेड्याच्या बाया पोरंबाळं घेऊन बसल्या होत्या. शकुबाईनं आम्हाला पाहिलं आणि तोंड दुसरीकडं केलं. ताई तिच्याजवळून गेली, थांबली नाही.

आधी हरकरे सर बोलले. नकाशा भिंतीला टांगला होता. सरांचा आवाज असा की ऐकत राहावं. वर्षांचे आकडे, अटकांचे आकडे, रेल्वेच्या वेळा. मुद्दाम कोणाला वाईट म्हणत नव्हते. फक्त म्हणत होते की या वर्तुळातल्या माणसाकडून गुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे आणि शहाण्या सरकारनं संभव पाहून आधीच पाऊल उचलावं. साहेब मान हलवत लिहून घेत होते. भिंतीजवळ उकिडवा बसलेला तानबा त्या वर्तुळाकडं पाहत होता. त्याला त्यातलं काही कळत असेल तर ते एवढंच की आपण त्याच्या आत आहोत.

मग मुळे वकिलांनी ताईचं नाव पुकारलं.

तिनं सुरुवात पुस्तकी भाषेत केली. हा नकाशा मी तयार केला आहे, माझ्या प्रबंधातला आहे, आणि तो अर्धा आहे. त्याची शेवटची पानं इथं आलेली नाहीत. तिनं आपल्याजवळच्या प्रतीतली ती पानं पुढं केली. शिक्षा किती झाल्या, ते सांगितलं. चौकीची गोष्ट सांगितली. साहेबांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं की मग हे वर्तुळ दाखवतं काय.

"पोलिसांची गाडी किती वेळा गेली ते," ताई म्हणाली. "मला एक गाडी द्या साहेब, आणि पाच वर्षं मी या शहरातल्या बंगल्यांतून रोज सकाळी कोणालातरी उचलून आणते. सहाव्या वर्षी तिथंही असंच वर्तुळ पडेल."

मागं कोणीतरी हसलं. पोलिसांचे वकील उठले. तरणे आणि हुशार होते. त्यांनी विचारलं की दोन वर्षांपूर्वी बाईंचं भाकीत खरं ठरलं होतं ना, पेपरात आलं होतं ना. ताई हो म्हणाली. मग ते भाकीत शास्त्र आणि हे नाही, असं कसं? की चोर ओळखीचे निघाले की शास्त्र बदलतं?

ताई बोलू लागली आणि तिची पुस्तकी भाषा गळून पडली.

"ते भाकीत घराचं होतं. कोणत्या दारावर पाहारा ठेवा, ते मले सांगता येते. दार पळून नाई जात, दाराची बदनामी नाई होत, दाराले लेकरं नाईत. कोणत्या माणसाच्या मनात उद्या काय येईन, ते सांगणारं गणित मह्यापाशी नाई. आणि असतं, तरी मी ते तुमाले देलं नसतं."

वकिलांनी विचारलं, म्हणजे तुम्ही पोलिसांना मदत करण्याचं नाकारता?

"या कामात नाकारतो," ताई म्हणाली. रागात असली की ती अशीच, बापासारखी, 'करतो' 'जातो' बोलायची. "लिहून घ्या."

हरकरे सर उठले आणि साहेबांना म्हणाले की माझी विद्यार्थिनी भावनेच्या भरात आहे, तिच्या वक्तव्याला संस्थेचा पाठिंबा नाही. ताईनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "सर, नकाशा माझा आहे. यावर साक्ष द्यायचा हक्कही माझाच आहे. तुम्ही बसा." आणि हरकरे सर खरोखर बसले. बसल्यावर आपण का बसलो असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण तोवर उशीर झाला होता.

निकाल लगेच लागला नाही. पुढच्या तारखेला साहेबांनी नकाशा पुरावा म्हणून नाकारला. तानबा आमच्या शेतावर होता हे सासऱ्यांनी येऊन सांगितलं. सगळे सुटले, फक्त एक सोडून. बेड्यावरच्या देवकाबाईचा मुलगा भुऱ्या, जेमतेम मिसरूड फुटलेला. त्याच्यावर तार चोरल्याची एक जुनी खरी शिक्षा होती. त्याला जामीनदार मागितला, आणि तोही शेतीवाडीवाला. ताई पुढं झाली, पण तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. ती गावात चार घरी फिरली. कोणी पाणी दिलं, कोणी तेही नाही. तार चोरली ना त्यानं, मग? ताई म्हणायची, चोरली, त्याची शिक्षा भोगून आला, आता ही दुसरी कशाची?

तिसऱ्या दिवशी सासरे धोतर नेसून, टोपी घालून निघाले. कुठं जाता, असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, वर्ध्याले काम आहे. संध्याकाळी भुऱ्या बेड्यावर परत आला होता. सासऱ्यांनी जामीन दिल्याचं घरात सांगितलं नाही, आणि ताईशी ते पुढं पोळ्यापर्यंत बोलले नाहीत. मी ताईला म्हटलं, तुम्ही तरी बोला. ती म्हणाली, राहू दे, त्याहिचा राग खरा आहे, माझं काम बी खरं आहे.

हरकरे सरांनी मार्गदर्शन काढून घेतलं. विद्यापीठानं कळवलं की सरांची लेखी माफी मागितली तर पुढचा विचार होईल. ताईनं उत्तर पाठवलं की माफी मागण्यासारखं मी एकच केलं, आणि ज्यांची मागायची त्यांची मागितली आहे. हे खरं होतं. निकालानंतर ती बेड्यावर गेली होती. शकुबाईनं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "माफी घेऊन मी काय करू? गोल पुसला न्, बस." त्या वर्षी शकुबाई आमच्या शेतात आली नाही. दुसऱ्याच्या शेतात जायची, आमच्या बांधावरूनच जायची, हाक मारली तर ओ द्यायची नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

पुढं सरांचं पुस्तक आलं. टाचण्यांच्या घोळक्यांचं सगळं शास्त्र त्यात होतं, मी लावलेल्या टाचण्यांसकट, आणि ताईचं नाव कुठंही नव्हतं. मी ते पाहून रडले. ताईनं पुस्तक पुरतं वाचलं, पेन्सिलनं चुका काढल्या आणि ते टपालानं सरांना पाठवलं. नागपुरात त्यांचं व्याख्यान असलं की ती मागच्या रांगेत जाऊन बसे आणि शेवटी हात वर करी. एकच प्रश्न विचारी: पकडलेल्यांपैकी दोषी किती ठरले? एकदा आयोजकांनी तिला दारातच अडवलं. ती दारात उभी राहून व्याख्यान ऐकून आली. डिग्री काही मिळाली नाही. कॉलेजात तिला वरची जागा मिळायची ती दुसऱ्याला मिळाली. त्याबद्दल ती चिडायची, नाही असं नाही. दोन-दोन दिवस घरात भांडी आपटायची. मग पुन्हा वही-खडू घेऊन निघायची.

बेड्यावर गाडी येणं काही बंद झालं नाही. नकाशा नव्हता तेव्हाही ती येत होतीच. फक्त आता गाडी आली की ताईही निघायची. सायकलनं ठाण्यावर जायची, बाकावर बसायची आणि विचारायची, कोणत्या गुन्ह्यात आणलं, कागद दाखवा. कागद नसला तर माणूस सुटेपर्यंत उठायची नाही. परीक्षेचे पेपर तिथंच तपासायची. एका नव्या फौजदारानं विचारलं, ही माणसं तुमची कोण लागतात? ती म्हणाली, कोणी लागत नाहीत, म्हणूनच आले.

१९८६ च्या फेब्रुवारीत असंच झालं. वर्ध्यात एका व्यापाऱ्याचं घर फुटलं आणि बेड्यावरचे चौघे उचलले. मी त्या दिवशी वर्ध्याला होते, म्हणून ठाण्यावर गेले. ताई बाकावर होती. फौजदार तिला तिसऱ्यांदा घरी जायला सांगत होता. या वेळी वरून आदेश आहे, बाई, उगीच अडचणीत याल, तुमच्यावरही केस होईल. ताई म्हणाली करा, नाव नीट लिहा, मागच्या वेळी चुकलं होतं.

तेवढ्यात फाटकातून शकुबाई आत आली. तिच्यामागं देवकाबाई, आणि बेड्याच्या आणखी बाया. ठाण्याच्या फाटकाच्या आत त्या कधी येत नसत. बाहेर रस्त्यापलीकडं झाडाखाली बसत. शिपाई अंगावर धावला. शकुबाई त्याला वळसा घालून आली आणि बाकावर, ताईच्या शेजारी बसली. बाकीच्या बाया खाली फरशीवर बसल्या. फौजदार ओरडला की हे ठाणं आहे, बाजार नाही. कोणी उठलं नाही.

शकुबाईनं त्याच्याकडं पाहून ताईचेच शब्द म्हटले, पण आपल्या पद्धतीनं. "कागद दाखव, साहेब. कोन्या गुन्ह्यात आनलं ते सांग. आमी बसून हावो."

ताईनं पेपरांचा गठ्ठा मांडीवर सरकवून तिला नीट जागा करून दिली. फौजदार आत गेला. फोन फिरवल्याचा आवाज आला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. उन्हं कलली तेव्हा चौघांना बाहेर सोडलं. तानबा त्यांत होता. त्याच्या गालावर वळ होता. ताईनं तो पाहिला, आत गेली आणि वैद्यकीय तपासणीचा कागद मागू लागली. आम्ही सगळ्या तिथंच थांबलो.